ट्यूब अँपवर हेवी गिटार रेकॉर्ड करायची तर: गेन, माईक, लाईट आणि मिक्स

हेवी गिटार जाड यावी म्हणून जवळपास प्रत्येक जण आधी गेन (सिग्नल किती फुगवायचा तो नॉब) वाढवतो, मग बेस वाढवतो, मग मिड पार खाली आणतो, आणि खोलीत एकटं वाजवताना ते भारी वाटतं. पण तेच ड्रम आणि बेस गिटारसोबत ऐकलं की गिटार मागे जाते, पातळ होते, नुसती खरखर उरते. नाशिकमधे आता घरी रेकॉर्ड करणारे बरेच जण आहेत, कोणी सिडकोतल्या रो-हाऊसच्या वरच्या खोलीत, कोणी गंगापूर रोडच्या फ्लॅटमधे गाद्या उभ्या करून, आणि अडचण बहुतेक हीच असते. हे का होतं ते मुळापासून बघू, कारण एकदा कळलं की नॉब कुठे ठेवायचा हे कोणाला विचारावं लागत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: जड आवाज गेन कमी करून मिळतो, आणि त्यातला खालचा मोठा भाग गिटारचा नसतोच, बेस गिटारचा असतो.

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत जो व्हॉल्व्ह असायचा तोच प्रकार, आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पण हे व्हॉल्व्ह बनवलेत. काचेच्या आत हवा काढलेली, एक तापलेला कॅथोड, समोर प्लेट, मधे ग्रिड. ग्रिडवर छोटा सिग्नल दिला की प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. प्रीअँपमधे, म्हणजे अँपच्या पहिल्या भागात, १२एएक्स७ नावाची ट्यूब जवळपास सगळीकडे असते, तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १०० आहे, आणि हाय गेन अँपमधे अशा तीन-चार स्टेज एकामागे एक लावलेल्या असतात. म्हणजे पिकअपचा (तारेची हालचाल विजेत बदलणारा गिटारवरचा भाग) जेमतेम काही शे मिलिव्होल्टचा सिग्नल दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजपर्यंत एवढा मोठा होतो की ट्यूबला पुढे जागाच राहत नाही, मग लाटेचा वरचा आणि खालचा भाग चपटा होतो. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो.

लाट चपटी झाली की दोन गोष्टी होतात. एक, नवीन हार्मोनिक तयार होतात, म्हणजे जाड ई तार ८२ हर्ट्झची असेल तर १६४, २४६, ३२८ असे वरचे वरचे सूर जोरात येतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्याकडे लोक बघतच नाहीत: मोठा आवाज वर जाऊ शकत नाही पण बारीक आवाज मात्र वर येतो, म्हणजे सगळं एका उंचीचं होतं. पिक तारेवर आदळतो तो क्षण आणि नंतरची शेपटी यातला फरक कमी होतो. आणि पाम म्यूटचा (तळवा ब्रिजवर टेकवून तार दाबत मारायची) धक्का म्हणजे तोच फरक असतो! गेन १० वर नेला की तुम्ही तो फरक पुसून टाकता, वर बोटांची घासाघीस, शेजारच्या तारांची गुणगुण, पिकअपची हिस्स हे सगळं रिफच्या, म्हणजे परत परत वाजणाऱ्या मुख्य तुकड्याच्या, बरोबरीला येतं. म्हणून रेकॉर्डिंगसाठी गेन इतकाच ठेवायचा की पाम म्यूट केल्यावर हात हलका केला तर आवाज थोडा मोकळा झालेला कळतो. हाताला जरा कष्ट पडतील, पडू देत. हेवी आवाजात उजव्या हाताचा वाटा फार मोठा आहे, तोच रिफ तोच अँप, पण पिक तिरका की सरळ, तळवा ब्रिजवर किती पुढे, यावर सगळं बदलतं.

आता पॉवर कॉर्डच का, हे पण इथेच सांगतो कारण मला ही गोष्ट फार आवडते. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, तंबोऱ्यातला सा आणि प, दुसरं काही नाही. ११० हर्ट्झचा ए आणि त्याच्यावरचा साधारण १६५ चा ई. डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र गेले की ट्यूब त्यांची बेरीज आणि वजाबाकी पण तयार करते, आणि १६५ वजा ११० म्हणजे ५५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. तुम्ही वाजवलेलाच नाही असा खालचा सूर आपोआप मिळतो, म्हणून दोन बोटांचा कॉर्ड एवढा भरीव वाटतो. आता त्यात गंधार घाला. शुद्ध गंधार पाचास चार या प्रमाणात हवा, म्हणजे १३७.५ हर्ट्झ, आणि मग वजाबाकी २७.५ येते जी सुरातच आहे. पण गिटारचे फ्रेट समान बारा भागांत वाटलेले असतात, तिथला गंधार १३८.६ चा, जरा चढा. वजाबाकी २८.६. ती कशातच बसत नाही आणि कॉर्ड गढूळ होतो, क्लीन आवाजात हे जाणवतही नाही पण गेनमधे लगेच जाणवतं. ज्यांनी लहानपणी गाण्याचा क्लास केलाय त्यांना हे कानाने आधीच माहीत असतं, फक्त गिटारशी जोडलेलं नसतं.

यातूनच पुढचा नियम निघतो, की बेस डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा आणि हवा असेल तर नंतर वाढवायचा. खालच्या फ्रिक्वेन्सीत ताकद जास्त असते, त्या ट्यूबला आधी भरून टाकतात आणि मग बाकी सगळ्यावर त्यांचा लगदा पसरतो. म्हणून मेटलवाले अँपच्या पुढे ट्यूब स्क्रीमर लावतात, १९७९ साली आलेला हिरवा पेडल, आणि त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवतात. लोकांना वाटतं अजून डिस्टॉर्शनसाठी लावलाय. खरं काम हे आहे की त्याचं सर्किट साधारण ७०० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवतं, त्यामुळे अँपला आटोपशीर सिग्नल मिळतो आणि रिफ घट्ट होतो. मेसा बूगीच्या मार्क सिरीजमधे तर टोनचे नॉब डिस्टॉर्शनच्या आधीच आहेत, म्हणून ते वाजवणारे बेस एक-दोनवर ठेवतात आणि पुढच्या ग्राफिक इक्यूने (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करायची सोय) पोट भरतात. मार्शलच्या जेसीएम८०० मधे टोनचे नॉब गेन स्टेजच्या नंतर आहेत, तिथे बेस वाढवला तरी लगदा होत नाही. आपल्या अँपमधे नॉब कुठे बसलेत हे एकदा शोधून ठेवा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

बरं, फ्लॅटमधे ट्यूब अँप वाजवायचा कसा. वॅटवर जाऊ नका, १०० वॅट आणि ५० वॅट यांत फक्त ३ डेसिबलचा फरक असतो, जो कानाला थोडासाच लागतो. आवाज निम्मा वाटायला हवा तर साधारण १० डेसिबल कमी लागतात, म्हणजे १०० वरून १० वॅट. आपल्या नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कॅबिनेटच्या तोंडाशी आवाज १०० च्या वर आरामात जातो. चांगली गोष्ट ही की आजचं हेवी डिस्टॉर्शन बहुतेक प्रीअँपमधे होतं, त्यामुळे मास्टर (अँपचा शेवटचा व्हॉल्यूम) फार वर न्यायची गरज नाही, स्पीकर थोडा हलायला लागला की पुरे. तेवढंही जमत नसेल तर लोड बॉक्स. तो अँपला स्पीकर जोडलाय असं भासवतो आणि सिग्नल थेट इंटरफेसला (कॉम्प्युटरला आवाज पोचवणारा डबा) देतो, मग कॉम्प्युटरवर इम्पल्स रिस्पॉन्स लावायचा, म्हणजे एखाद्या खऱ्या कॅबिनेटचा आणि माईकचा काढलेला ठसा. घेणार असाल तर रिअॅक्टिव्ह लोड घ्या, खऱ्या स्पीकरचा रोध फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो आणि अँप त्यावर वेगळा वागतो, साध्या रेझिस्टरच्या लोडवर आवाज जरा मेलेला येतो.

पण एक लक्षात ठेवा, ट्यूब अँप स्पीकर किंवा लोड न जोडता कधीच चालवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ताकद द्यायला जागा नसली की त्याच्यात प्रचंड व्होल्टेज तयार होतं आणि ट्यूब, सॉकेट किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. ८ ओहमच्या कॅबिनेटला ८ ओहमचंच तोंड, १६ ला १६. आणि मागचं झाकण उघडून बघायची हौस नको, आत ४०० व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधे ते बराच वेळ राहतं. बायस (पॉवर ट्यूबचा करंट जुळवणं) करायचा असेल तर व्हॉल्व्हचं काम येणारा माणूस शोधा, जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांमधे असा माणूस मिळू शकतो आणि त्यांचा हात फार सावध असतो.

लाईटचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण परदेशी व्हिडिओत तो येतच नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. अमेरिकेतून भावाने किंवा मित्राने आणलेला अँप १२० व्होल्टचा असू शकतो, मागची पट्टी वाचल्याशिवाय पिन लावायची नाही, आणि स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा चांगला मोठा घ्या. अंबड-सातपूरसारख्या कारखान्यांच्या भागात मोठ्या मोटरी चालू-बंद होतात, तिथे व्होल्टेज खालीवर होत असेल तर ट्यूबचा हीटर पण खालीवर होतो. तो ६.३ व्होल्टचा असतो आणि अँपमधलं सगळंच भिंतीतल्या व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे दुपारी घेतलेला टेक आणि संध्याकाळी घेतलेला टेक थोडे वेगळे येऊ शकतात. म्हणून स्टॅबिलायझर लावा आणि एका गाण्याची मुख्य गिटार शक्यतो एका बैठकीत उरका. गुणगुण येत असेल तर ती ऐकून ओळखता येते: जाड खालची ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक अर्थिंगच्या लूपमुळे किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे येते, जरा वरची १०० हर्ट्झची असेल तर अँपच्या पॉवर सप्लायमधे, फिल्टर कपॅसिटरमधे बिघाड असू शकतो. बारीक चिरचिर असेल तर डिमर, फॅनचा रेग्युलेटर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर एकेक बंद करून बघा. गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडणारे लोक आहेत. हे अजिबात करू नका, बिघाड झाला तर करंट तारांमधून तुमच्या हातात येईल. जुन्या घरात अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून तपासून घेणं हा रेकॉर्डिंगवरचा सगळ्यात चांगला खर्च आहे, मी तर म्हणेन पेडलच्या आधी हे करा.

आता स्पीकर. गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो आणि हा दोष नाही, याच्यावाचून डिस्टॉर्शन ऐकवणारच नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हेवीसाठी सगळीकडे दिसतो, ६० वॅटचा, वरच्या मिडमधे पुढे येणारा, म्हणून मिक्समधे कापून बाहेर येतो. त्यांचाच ग्रीनबॅक २५ वॅटचा आणि मऊ. माझ्या मते पैसे थोडेच असतील तर अँप बदलण्याआधी स्पीकर बदलावा, फरक जास्त पडतो. आणि चार स्पीकरच्या कॅबिनेटमधे चारही सारखे वाजत नाहीत, कान लावून नाही तर माईक लावून चारही ऐका आणि एक निवडून त्यावर खूण करा.

माईक शुअरचा एसएम५७, १९६५ पासून तोच आहे आणि आजही हेवी गिटारला पहिला तोच लावतात, कारण त्याच्यात ५-६ हजारला एक उठाव आहे आणि खालचा भाग तो फार घेत नाही. तो ग्रिलच्या अगदी जवळ लावायचा, आणि इथून पुढचा प्रत्येक सेंटिमीटर तुमच्या सगळ्या नॉबपेक्षा जास्त काम करतो. आपल्या नाशिक ढोलाच्या पानावर मधोमध मारलं तर वेगळा आवाज आणि कडेला मारलं तर वेगळा, तसंच स्पीकरच्या कोनचं आहे, फक्त इथे उलटं, मधोमध तिखट आणि कडेकडे जाल तसा जाड आणि बंद. मधे जी गोल टोपी असते तिची कड जिथे कोनला चिकटते तिथून सुरुवात करायची. अँप चालू ठेवा, गिटारचा आवाज शून्य करा, कानाला हेडफोन, आणि नुसती हिस्स ऐकत माईक हळूहळू सरकवा. ही हिस्स स्पीकरचा सगळा रंग दाखवते, एका जागी ती शिट्टीसारखी टोकदार असते, थोडं बाजूला गेलं की सपाट होते, आणि ती सपाट जागा मिळाली की माईक तिथे ठेवून मग रिफ वाजवून खात्री करा. माईक जवळ नेला तर बेस फुगतो, याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, तो नको असेल तर दोन-तीन सेंटिमीटर मागे घ्या. खोलीत उभं राहून जो आवाज छातीत बसतो तो माईकला कधी मिळत नाही कारण तो एका बिंदूवर कान लावून बसलाय, तुमचं अंग आणि भिंती त्याच्याकडे नाहीत. म्हणून अँप सेट करताना खोलीतला आवाज ऐकून नॉब फिरवू नका, माईकमधून येणारा ऐकून फिरवा.

दोन माईक लावायचा मोह होतो. लावा, पण त्यांचं अंतर एकच हवं. एक दुसऱ्यापेक्षा ३ सेंटिमीटर मागे असला तर आवाज एकाला उशिरा पोचतो आणि साधारण ५,७०० हर्ट्झला दोघं एकमेकांना मारतात, नेमका जिथे पिकचा चटका असतो तिथेच खड्डा. स्वीडनच्या फ्रेडमन स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे, एक ५७ सरळ आणि दुसरा त्याच्या शेजारी तिरका, दोघांची तोंडं एकाच अंतरावर, तिरक्याने तिखटपणा कमी होतो. रिबन माईक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेस माईकला केबलमधून देतो ती वीज, बंद आहे ना ते आधी बघा. पण पहिली काही गाणी एकाच माईकवर करा असं मी मनापासून सांगेन, एका माईकची जागा शोधता आली नाही तर दुसरा फक्त गोंधळ वाढवतो.

रेकॉर्ड करताना २४ बिट, आणि लेव्हल इतकी की सगळ्यात जोराचा फटका मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील, वर ढकलण्यात काहीच फायदा नाही. सोबत डीआय बॉक्समधून गिटारचा कोरा सिग्नल पण एका ट्रॅकवर घेऊन ठेवा. वाजवणं चांगलं झालं आणि टोन नंतर आवडला नाही तर तोच कोरा ट्रॅक परत अँपमधून फिरवता येतो.

ट्यूनिंगसाठी आळस नको. एप्रिल-मेमधे नाशिकची दुपार चाळीसच्या आसपास जाते, रेकॉर्डिंगला पंखा बंद करावा लागतो, खोली तापते, स्टीलची तार ताणातून सुटते आणि सूर उतरतो, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर. शिवाय ड्रॉप सी (तारा उतरवून जाड तार सी वर) वगैरे वाजवत असाल तर खालची तार ६५ हर्ट्झवर येते, तिथे पातळ सेट सैल पडतो आणि जोरात मारल्यावर सूर क्षणभर चढतो, मग डबल ट्रॅक (त्याबद्दल पुढे) कितीही नीट वाजवा, बेसूरच. जाड तारा लावा, ब्रिजवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा येईल अशी जुळवणी) करून घ्या, आणि शक्यतो तार ताजी ठेवा.

डबल ट्रॅक म्हणजे तोच रिफ दोनदा वाजवायचा, एक पूर्ण डावीकडे एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधेच ऐकू येतो, रुंदी येत नाही, कारण कानाला डाव्या-उजव्यातला फरकच मिळत नाही. दोन खऱ्या टेकमधले बारीक फरक हीच ती रुंदी. चार ट्रॅक करायचे असतील तर गेन अजून कमी करा, थर वाढले की डिस्टॉर्शन आपोआप जास्त वाटतं.

मिक्समधे पहिलं काम सगळे ट्रॅक एकत्र वाजवत ठेवणं. एकट्या गिटारला सोलो करून सुंदर करायला गेलात की फसलात. खालून ८० ते १०० हर्ट्झपर्यंत कापा, वरून ८ ते १० हजारच्या पुढे कापा, आणि गिटार एकटी ऐकली तर बारीक वाटेल, वाटू द्या. किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटारला ती जागा हवी आहे, बेस आला की तुमच्या कानाला गिटारच जाड झाली असं वाटतं. बेस गिटारच्या ट्रॅकची एक प्रत थोडी डिस्टॉर्ट करून खालचा भाग कापून मूळ ट्रॅकखाली मिसळली की ती दोन गिटारना शिवून टाकते. पाम म्यूटला १०० ते २५० हर्ट्झमधे दणदण गोळा होते, तिथे साधा इक्यू लावला तर मोकळे कॉर्ड पण बारीक होतात, म्हणून मल्टिबँड कॉम्प्रेसर फक्त त्या पट्ट्यावर, जो म्यूटच्या वेळीच दाबतो. बाकी पूर्ण गिटारवर कॉम्प्रेसर नको, डिस्टॉर्शनने आधीच दाबलंय. मिड काढू नका. ५०० ते दीड-दोन हजार हीच गिटारची ओळख आहे, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर खालचं काहीच येत नाही तेव्हा फक्त हेच ऐकू येतं. टोचणारी जागा असेल तर अरुंद इक्यूने ती शोधून दोन-तीन डेसिबल कमी करा, पाच-सहा जागी खड्डे पाडायची वेळ आली तर परत माईककडे जा.

ऐकायची लेव्हल पण बघा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मधे दाखवलं की हळू आवाजात कानाला खालच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, म्हणून मोठ्याने ऐकलं की सगळंच जाड वाटतं. तुलना करायला आवडतं गाणं घ्याल ते तुमच्या मिक्सएवढ्याच लेव्हलला आणून मगच ऐका.

आणि शब्द मराठी असतील तर एक काम जास्तीचं. आपल्याकडे क, ट, त, च आणि त्यांचे महाप्राण ख, ठ, थ, छ यांचा फटका साधारण २ ते ४ हजारमधे असतो आणि हेवी गिटारची धार पण तिथेच. गायक ओरडत असला तरी शब्द कळत नाहीत ते यामुळे. गिटारच्या दोन्ही ट्रॅकवर ३ हजारच्या आसपास रुंद इक्यूने दोन डेसिबल कमी करा, ते पण फक्त गाणं चालू असताना. रिफ एकटा येतो तिथे ते दोन डेसिबल ऑटोमेशनने (ठरलेल्या जागी सेटिंग आपोआप बदलायची सोय) परत द्या, नाहीतर ब्रेकडाऊनला, म्हणजे गाण्यातल्या जड संथ भागाला, गिटार मऊ पडेल.